गावच्या मंडळीचा इतिहास लिहायचाय? पहिल्या घरांपासून सुरुवात कशी करायची

पहिलं काम हेच करा, बाकी सगळं नंतर. मंडळीतली, म्हणजे गावच्या चर्चच्या सभासदांतली, सगळ्यात म्हातारी पाच माणसं कोण, त्यांची नावं एका कागदावर लिहा आणि येत्या रविवारी आराधना संपली की त्यातल्या एकाच्या घरी जाऊन बसा. रजिस्टर, फाइली, सातबारा हे सगळं पुढच्या वर्षी पण जागेवर सापडेल, ती माणसं सापडतीलच असं नाही. आमच्याकडे हे उलट झालं. आमची मंडळी साक्री आणि नवापूरच्या मधल्या पट्ट्यात, पन्नासेक घरांची, शंभरी जवळ आली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि आम्ही तिघं-चौघं उत्साहाने जुनी रजिस्टरं शोधत बसलो, दोन महिने त्यातच गेले, आणि तेवढ्यात ज्या आजीचा बाप पहिल्या बाप्तिस्म्याला पाण्यात उतरला होता ती आजी गेली. तिला सगळं माहीत होतं. अजून मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून हे सगळ्यात वर लिहितोय.

जाताना वही-पेन काढून पोलिसासारखं समोर बसू नका. घरातल्या एखाद्या नातवाला किंवा नातीला सोबत बसवा, प्रश्न तिलाच विचारू द्या, आजी-आजोबा आपल्या नातवंडाला जे सांगतात ते पाहुण्याला सांगत नाहीत. मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं तर आधी सांगून, विचारून करा, आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, मध्येच कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं, हे आमचं दोनदा झालं. ती माणसं अहिराणीत बोलत असतील तर अहिराणीत, मावचीत बोलत असतील तर मावचीत बोलू द्या, लगेच शुद्ध मराठी करायला जाऊ नका. "छप्पनना दुस्काय पडना तवय आमना आजला आठे उना" (छप्पनचा दुष्काळ पडला तेव्हा आमचा आजा इथं आला) ह्या एका वाक्यात जेवढं आहे तेवढं त्याच्या मराठी भाषांतरात राहत नाही. लिहून काढताना मूळ वाक्य तसंच ठेवा आणि खाली अर्थ द्या.

प्रश्न विचारताना "कधी" ह्या शब्दाने सुरुवात केली की म्हातारं माणूस गप्प होतं, कारण साल कोणाच्याच डोक्यात नसतं. आमच्यासारख्या मंडळ्यांत एक सोपा प्रश्न आहे, तो विचारा: कोणत्या पाण्यात? म्हणजे बाप्तिस्मा कोणत्या नदीत, कोणत्या डोहात झाला. कान नदीत, पांझरेत, रंगावलीत, की नंतर बांधलेल्या हौदात? पाणी किती होतं, गुडघ्यापर्यंत का छातीपर्यंत, हात कोणी धरला, ओले कपडे कुठं बदलले, काठावर कोण उभं राहून बघत होतं, घरी गेल्यावर भाऊबंदांनी काय केलं, कोणी पाणी बंद केलं का, कोणी लग्नाला बोलवायचं सोडलं का. पाण्याची गोष्ट निघाली की माणूस बोलायला लागतं, आमच्याकडे एक नाना फक्त डोहाचं नाव सांगायला म्हणून बसले आणि दोन तास बोलले.

साल आपण मागाहून काढायचं. त्यासाठी काही खुंट्या लागतात ज्यांच्यावर आठवण टांगता येते. खानदेशात सगळ्यात जुनी खुंटी म्हणजे छप्पनचा दुष्काळ, तो संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९००. त्याच सुमाराला तापी काठची रेल्वे सुरतेकडून नंदुरबार, अमळनेरकडे आली, तेव्हा "गाडी सुरू होती का तेव्हा" हा प्रश्न नंदुरबार-नवापूरकडे फार उपयोगी पडतो. मग १९१८ ची मोठी साथ, इन्फ्लुएंझाची, त्यात कोण गेलं हे बऱ्याच घरांना अजून माहीत असतं. मग स्वातंत्र्य, मग १९७२ चा दुष्काळ, आणि तापीकाठच्या लोकांसाठी उकाई धरण, तेही १९७२ चंच. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारी आजी सांगते की तेव्हा मी दोन लेकरांची आई होते, तिथून मागं मोजत गेलं की तिचं लग्न, तिचा बाप्तिस्मा, सासऱ्याचं मरण असं सगळं दोन-तीन वर्षांच्या फरकाने बसतं. जुन्या कागदावर शके असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५६ किंवा ५७ वजा करा.

आता रजिस्टरांकडे येऊ. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या नाहीतर पुढचं सगळं चुकतं. बाप्तिस्त पद्धतीच्या मंडळीत तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होत नाही. माणूस मोठा होतो, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतो, साक्ष देतो, मगच त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात आणि मगच तो सभासद होतो. त्यामुळे बाप्तिस्म्याचं रजिस्टर म्हणजे जन्माचं रजिस्टर नव्हे. अँग्लिकन चर्चमध्ये तान्ह्यांचा बाप्तिस्मा होतो, म्हणून त्यांच्या रजिस्टरात बाप्तिस्म्याच्या तारखेवरून जन्मसाल साधारण कळतं, आईबापाची नावं पण मिळतात, आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे वयाचा रकाना असतो, पण ते वय अंदाजे लिहिलेलं असतं, नीट बघा, सगळे २०, २५, ३०, ४० असे गोल आकडे दिसतील, २३ किंवा ३७ क्वचित. आणि घरात सात माणसं असली तरी रजिस्टरात दोनच दिसतात, कारण पाच लेकरं लहान होती. त्यातली जी लहानपणीच गेली ती मंडळीच्या कोणत्याच कागदात नाहीत. बालसमर्पणाची, म्हणजे तान्ह्या मुलाला प्रार्थनेने देवाला अर्पण करतात त्याची, वेगळी वही ठेवली असेल तर तुमचं नशीब.

आणखी एक, आपली मंडळी नेमकी कोणत्या मिशनची हे आधी नक्की करा, कारण कागद त्या मिशनच्या मागे गेलेत. त्या काळी मिशनांनी आपापसात तालुके वाटून घेतले होते. भुसावळ, जळगाव, चाळीसगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. पश्चिमेला नवापूर-नंदुरबारच्या बाजूला दोन नावं आहेत ज्यांची हमखास गल्लत होते, एक स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन, जे फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी १८९० मध्ये अमेरिकेत सुरू केलं आणि १९४९ पासून ज्याला टीम मिशन म्हणतात, चिंचपाड्याचं हॉस्पिटल त्यांनीच सुरू केलेलं, आणि दुसरं स्वीडिश अलायन्स मिशन, जे वेगळं. गावात सगळ्यांना "मिशन" एवढंच माहीत असतं, आणि तिन्हीच्या नावात अलायन्स आहे, त्यामुळे एका मिशनच्या साहेबाचं नाव दुसऱ्या मिशनच्या खात्यात छापलं जातं. ह्यातल्या कोणाच्या नावात बाप्तिस्त हा शब्द नाही, पण मोठेपणी, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा ही रीत तीच, म्हणून वर जे सांगितलं ते खानदेशातल्या बऱ्याच मंडळ्यांना लागू पडतं. नाशिक-मालेगावकडे सीएमएस, म्हणजे चर्च मिशनरी सोसायटी, होतं, ते अँग्लिकन, तिकडून आलेलं घर असेल तर त्यांचे बालबाप्तिस्म्याचे दाखले तिकडे शोधा. जिल्ह्यांचं पण लक्षात ठेवा, १९०६ पर्यंत एकच खानदेश जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाले, ते पुढे जळगाव आणि धुळे, आणि नंदुरबार तर १९९८ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे नंदुरबारच्या गावाचे जुने कागद धुळ्यालाच असायची शक्यता जास्त.

जाता जाता एक सांगतो, बाप्तिस्त लोकांचा आणि मराठीचा संबंध खानदेशात मिशन यायच्या कितीतरी आधीचा आहे. विल्यम कॅरी हे बाप्तिस्त मिशनरी, बंगालात श्रीरामपूरला बसून पंडित वैजनाथ शर्मांच्या मदतीने त्यांनी मराठीचं व्याकरण केलं, ते १८०५ ला छापलं, आणि १८१० ला कोश, तो मोडी टायपात. आपल्या पोरांना हे माहीत असायला पाहिजे, स्मरणिकेत अर्धं पान त्याला द्या.

रजिस्टर हातात आलं की वाचायची घाई नको, आधी फोटो काढा. उन्हाच्या थेट झोतात नको, फ्लॅश नको, ओट्यावर सावलीत किंवा खिडकीजवळ, वही सपाट ठेवून, वरून सरळ. प्रत्येक पानाशेजारी पान नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, कोरी पानं पण काढा, पुठ्ठ्याच्या आतली बाजू पण काढा, कारण महत्त्वाच्या गोष्टी लोकांनी तिथंच लिहून ठेवलेल्या असतात. पान चिकटलं असेल तर ओढू नका. वाळवी लागलेली असेल तर ती वही बाकीच्या वह्यांपासून आधी वेगळी करा. फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक ड्राइव्हवर आणि एक पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह पाळकांकडे (पास्टरकडे) न ठेवता दुसऱ्या कुणाकडे ठेवा, कारण पाळकांची बदली होते.

मग वाचा, आणि सगळ्यात आधी शेऱ्याचा रकाना वाचा. नाव, तारीख, गाव हे सगळे बघतात, पण माणसाचं आयुष्य शेऱ्यात असतं. "चिठ्ठी दिली" म्हणजे तो किंवा ती दुसऱ्या मंडळीत गेली आणि सभासदत्वाचं पत्र घेऊन गेली, कोणत्या गावाला ते पण लिहिलेलं असतं. "प्रभूत झोपली" म्हणजे मृत्यू. "शिस्तीखाली" म्हणजे मंडळीने प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवलं, का ते बैठकीच्या वहीत सापडेल. ही बैठकीची वही, कोणी तिला मिनिटबुक म्हणतात कोणी इतिवृत्त, ती सगळ्यात मोलाची. आपल्या पद्धतीच्या मंडळीत निर्णय सभासद घेतात, म्हणून कोणी काय ठराव मांडला, कोणी अनुमोदन दिलं, दिव्याच्या तेलाला किती पैसे, छपराची कौलं कुठून आणली, सगळं त्यात आहे.

नावांची गडबड फार. बाप्तिस्म्याआधी दगा, भिला, उखा असं नाव आणि नंतर याकोब, शामुवेल, पौल. कधी दोन्ही लिहिलेली असतात, कधी नवीनच. आडनाव बऱ्याच ठिकाणी नाहीच, त्याऐवजी बापाचं नाव आणि गाव. मिशनरी लोकांनी रोमन लिपीत लिहिलं तर एकाच माणसाची तीन स्पेलिंगं होतात आणि वाचणाऱ्याला तीन माणसं वाटतात, वळवी आणि वसावे सुद्धा घाईच्या अक्षरात एकसारखे दिसतात. म्हणून एक्सेलमध्ये एक रकाना "जसं लिहिलंय तसं" आणि दुसरा "आपल्या मते कोण" असे वेगळे ठेवा, कधीही एकत्र करू नका. पहिल्या रकान्यात चूक असली तरी दुरुस्त करायची नाही.

लग्नाचं रजिस्टर मात्र तुम्हाला वाचवेल. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावणाऱ्याला ठरावीक नमुन्यात नोंद ठेवावी लागते आणि त्याची प्रत वर निबंधकांकडे पाठवावी लागते. त्यात नवरा-नवरीचं वय, धंदा, राहायचं ठिकाण आणि दोघांच्या बापाची नावं असतात. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात जो बाप सापडत नाही तो इथं सापडतो. साक्षीदारांच्या सह्या आणि अंगठे पण बघा, कोण सही करत होतं आणि कोण अंगठा, दहा-वीस वर्षांत ते कसं बदललं, मिशनच्या शाळेचा परिणाम काय झाला ते त्या एका रकान्यात दिसतं.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि ह्यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद झाला. मूळ घराणी कोणती? प्रत्येक मंडळीत दोन-तीन आडनावं असतात जी म्हणतात की आम्ही पहिले. संगमरवरी पाटीवर कोणाचं नाव वर टाकायचं ह्यावरून लोक बोलायचे बंद होतात. माझं म्हणणं असं की आपल्या शिकवणीप्रमाणे बाप्तिस्मा घराण्याचा होतच नाही, एकेका माणसाचा होतो. मग पहिल्या सभासदांची यादी पण एकेका माणसाचीच करा, आडनावाची नको. आमच्या रजिस्टरात पहिल्या अकरा नावांपैकी पाच बाया निघाल्या, आणि त्यातली एक तिच्या नवऱ्याच्या तीन वर्षं आधी पाण्यात उतरलेली. शंभर वर्षं आम्ही त्या घराला नवऱ्याच्या नावाने ओळखत होतो! तिने एकटीने, सासरच्या गावात राहून हा निर्णय घेतला, तीन वर्षं सासूसासऱ्यांचं ऐकून घेतलं असेल, आणि आपण तिला "अमक्याची बायको" म्हणून एका ओळीत संपवणार? तर यादी करताना बाईचं स्वतःचं नाव लिहा, माहेरचं गाव लिहा, आणि नवऱ्याचं नाव तिच्या ओळीत लिहा. तारखेप्रमाणे लावा. वाद आपोआप कमी होतो कारण तारखेशी कोणी भांडत नाही.

बायबलबाईंना विसरू नका. घरोघर जाऊन शुभवर्तमान सांगणाऱ्या, चुलीजवळ बसून बायकांना वाचायला शिकवणाऱ्या ह्या बाया होत्या, मिशनच्या अहवालात त्यांचा फक्त आकडा येतो. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर नाव सांगतात.

आणि लेकी. वंशावळ काढताना लोक मुलगे-नातू-पणतू असा खांब काढतात आणि लेकी गाळतात. लेकी कुठं दिल्या ते लिहाच. मुलगी चिठ्ठी घेऊन सासरी गेली, तिथं तीन-चार ख्रिस्ती घरं होती, तिच्या घरी प्रार्थना सुरू झाली, दहा वर्षांत तिथं मंडळी झाली, असं आमच्या भागात एकापेक्षा जास्त गावांचं आहे. आम्ही एका मोठ्या कागदावर गावं मांडली आणि लेकींच्या रेघा ओढल्या, तर साक्रीपासून गुजरातच्या हद्दीपर्यंत जाळं तयार झालं. मंडळीचा प्रसार कसा झाला हे मिशनच्या कुठल्याही नकाशापेक्षा तो कागद चांगलं सांगतो, स्मरणिकेच्या मधल्या दोन पानांवर तोच छापला.

एक नाजूक विषय, तो टाळू नका. "हे दुष्काळात धान्यासाठी ख्रिस्ती झाले" असं बाहेरचे म्हणतात आणि आपल्यातले पण काही जण मान खाली घालतात. रागवून उत्तर देण्यापेक्षा तारखा मांडा. दुष्काळ कधी, गावात मदतीचं काम कधी सुरू झालं आणि कधी बंद झालं, आणि बाप्तिस्मे कधी. तेलुगू भागात ओंगोलला बाप्तिस्त मिशनचं उदाहरण आहे, १८७६-७८ च्या दुष्काळात तिथले मिशनरी जॉन क्लाउ यांनी कालव्याच्या कामावर हजारो लोकांना मजुरी दिली, पण मदत चालू असेपर्यंत बाप्तिस्मे द्यायचेच थांबवले, आणि नंतर ३ जुलै १८७८ ला एका दिवसात २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला. तुमच्या गावात काय झालं ते तुमच्या तारखा सांगतील. कोणी खरंच भुकेच्या वेळी मिशनच्या दारात आलं असेल तर ते पण तसंच लिहा. भूक लागलेली असताना ज्याने भाकरी दिली त्याच्याजवळ माणूस थांबला ह्यात त्या पूर्वजाला कमीपणा आणणारं काहीच नाही, आणि तो दुष्काळ संपल्यावर पन्नास वर्षं थांबला हे पण त्याच्याच शेजारी लिहायला पाहिजे.

सरकारी कागदांपैकी चार-पाच ठिकाणं सांगतो. ग्रामीण भागात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, त्याला कोतवाल बुक म्हणतात, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतात, आणि वर म्हटलं ती लहानपणी गेलेली लेकरं तिथंच सापडतात. जिल्हा परिषद शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, त्यात जन्मतारीख, बापाचा धंदा, आधीची शाळा. जमिनीसाठी आजचा सातबारा बघून थांबू नका, त्यावर फेरफार नंबर असतो, तो जुना फेरफार काढा, जमीन बक्षीसपत्राने आली, खरेदीने आली की सरकारने दिली ते त्यात कळतं. धुळे-नंदुरबारचे बरेच जुने उतारे आता आपले अभिलेख पोर्टलवर स्कॅन होऊन आलेत, तालुक्याला चकरा मारायच्या आधी तिथं बघा. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. मंडळीचा ट्रस्ट असेल तर १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद असते, तिथून परिशिष्ट १ चा उतारा आणि जुने चेंज रिपोर्ट मागा, विश्वस्त कधी कोण होते ते साल-तारखेसकट मिळतं. ५०-६० वर्षांपूर्वीच्या लोकांची नावं आम्हाला तिथूनच मिळाली. मोडीतला कागद निघाला तर घाबरू नका, मोडी वाचणारे लोक धुळ्यात, नाशकात, पुण्यात आहेत, स्वच्छ फोटो पाठवला तरी वाचून देतात.

जमिनीबद्दल मात्र सांभाळून लिहा. आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी एखाद्या आदिवासी कुटुंबाने आपल्या वावरातला तुकडा चर्चला दिला, तोंडी दिला, सातबारा अजून त्याच घराच्या नावावर आहे. आदिवासी जमीन दुसऱ्याच्या नावावर करायला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ चे निर्बंध आहेत. तुम्ही भावनेच्या भरात "ही जमीन चर्चची" असं छापलं तर आज मजेत चाललेलं नातं कोर्टात जाईल. "अमक्या आजोबांनी प्रार्थनेसाठी जागा दिली" एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

तसंच जातीचं. जुन्या रजिस्टरात पूर्वीची जात लिहिलेली असते. अनुसूचित जमातीच्या माणसाचा दर्जा धर्माने बदलत नाही, म्हणून भिल्ल, मावची, पावरा, कोकणा घरांना कायद्याने तसा प्रश्न येत नाही, पण अनुसूचित जातींच्या बाबतीत १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, सुरुवातीला फक्त हिंदू, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध धरले, ख्रिस्ती नाहीत. त्यामुळे एखाद्या घराची आजची पिढी कागदोपत्री काय आहे हे त्यांचं त्यांना माहीत, तुमच्या स्मरणिकेतल्या एका ओळीने त्यांच्या पोरांची नोकरी अडचणीत येऊ शकते. प्रत्येक घराचं पान छापायच्या आधी त्या घरी वाचून दाखवा, त्यांनी "हे नको" म्हटलं की काढा, कारण विचारू नका.

मिशनचे परदेशातले कागद हा वेगळा खजिना. टीम मिशनची कागदपत्रं अमेरिकेत इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजच्या अर्काइव्हमध्ये आहेत, ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या जुन्या साप्ताहिकाचे अंक स्कॅन होऊन ऑनलाइन वाचता येतात. मराठीत ज्ञानोदय आहे, १८४२ ला अहमदनगरला सुरू झालेलं, त्यात मराठी मंडळ्यांच्या बातम्या यायच्या. १८८० चं खानदेश गॅझेटियर, मुंबई इलाख्याचा बारावा खंड, सरकारी साइटवर आहे, तुमच्या तालुक्याची तेव्हाची स्थिती त्यात मिळेल, फक्त भिल्लांबद्दल त्या साहेबांनी ज्या भाषेत लिहिलंय ती उचलून आपल्या पुस्तिकेत आणू नका. मिशनरींच्या पत्रांचं पण तेच. पत्रात असतं की मी अमुक गावी मंडळी स्थापन केली, आणि गावात विचारावं तर कळतं की साहेब यायच्या तीन वर्षं आधीपासून एक गावठी सुवार्तिक, म्हणजे प्रचारक, पायी येऊन झाडाखाली बसत होता, भजनं म्हणत होता. दोन्ही लिहा, पण सुवार्तिकाचं आधी लिहा. फोटोंच्या खाली मिशनरीचं पूर्ण नाव आणि बाकीच्यांना "भिल्ल कुटुंब" एवढंच असतं, तो फोटो मोठा प्रिंट करून म्हाताऱ्यांच्या हातात द्या, चेहऱ्यावरून नावं निघतात. आमच्या एका मावशीने एका फोटोत स्वतःच्या आईला ओळखलं, तिच्याकडे आईचा दुसरा एकही फोटो नव्हता.

कबरस्तानात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. साधं पाणी शिंपडा, ॲसिड नाही, तारेचा ब्रश नाही, खडूने अक्षरं भरू नका. बऱ्याच कबरींवर दगडच नाही, तिथं कोण आहे ते म्हाताऱ्यांकडून विचारून नकाशा काढा.

लिहिताना दोन घरांच्या गोष्टी जुळल्या नाहीत तर दोन्ही छापा, कोणी सांगितली ते लिहून. मधला मार्ग काढून तिसरीच गोष्ट तयार करू नका. कागदातून आलेलं आणि तोंडून आलेलं वाचणाऱ्याला वेगळं कळलं पाहिजे, आम्ही तोंडी आलेलं तिरक्या अक्षरात छापलं. पाळकांची यादी एका पानात संपवा, फोटो लहान घ्या.

छपाईआधी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय नंबर, घ्या, तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज असतो. छापल्यावर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने ठरवलेल्या बाकीच्या ग्रंथालयांना प्रती पाठवा, एक पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या लायब्ररीला पाठवा, एक तालुक्याच्या वाचनालयाला. मंडळीच्या कपाटातली प्रत कधी ना कधी वाळवी खाणार आहे, बाहेरची वाचेल.

शेवटची आठ पानं आम्ही कोरी सोडली होती, फक्त वर "तुमच्या घरचं" एवढं छापून. वाटप झालं त्याच्या पुढच्याच रविवारी एक काकू ती पानं भरून घेऊन आल्या, बॉलपेनने, बारीक अक्षरात, त्यांच्या सासूचा बाप्तिस्मा आम्ही छापला त्या डोहात झालाच नव्हता, एक मैल वर, आंब्याखालच्या पाण्यात झाला होता. पुढच्या शनिवारी त्या आम्हाला ती जागा दाखवायला घेऊन जाणार आहेत.